भूदास या शब्दाचा अर्थ

फळ्यावर अवघड शब्द लिहून झाला की मॅडम वर्गाकडे वळत आणि विचारत, "हा शब्द आपल्याकडे कुठे राहतो?"

जळगावच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवत, मी भूगोल. मधली भिंत पातळ होती, त्यामुळे अर्धं प्राचीन जग मी माझ्या वर्गात उभं राहून ऐकलं. नगरराज्य? "समजा, नशिराबादचा राजा वेगळा, जळगावचा वेगळा. भुसावळला मामाकडे जायचं तर दोन राजांची परवानगी!" तटबंदी बघायला त्या मुलांना सोनगीरला घेऊन गेल्या आणि चढताना स्वतःच धापा टाकत बसल्या. "शत्रू दमला पाहिजे, म्हणून किल्ला उंचावर," असं वर ऐकवलं. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. मुलं त्यांचा तास बुडवत नसत.

एकदा सरंजामशाही चालू होती. शब्द आला, भूदास. मॅडम सहज म्हणाल्या, "आपला सालदार असतो ना, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा? तसाच." वर्ग हसला. का हसला, ते त्यांना कळलं नाही. दुसऱ्या बाकावरच्या मुलीचे वडील सालदार होते, आणि त्यांचा मालक म्हणजे त्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील.

मुलगी यायची बंद झाली. कारण मला मुलांकडून कळलं, मी मॅडमना सांगितलं. त्या हातातला चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "गाडी काढा, सर."

मुलीचे वडील नुकतेच केळीच्या बागेतून आले होते. चिकाने काळे पडलेले हात पुसत ते गडबडीने उठले. "मॅडम, इतक्या उनात काबरं आल्या? पोट दुखते म्हने पोरगी."

"दुखत नाही तिचं पोट," मॅडम म्हणाल्या. "माझं चुकलं, भाऊ. मी वर्गात..."

दारात उभ्या मुलीने मान जोरात हलवली. बापाला तिने काहीच सांगितलं नव्हतं.

मॅडम थांबल्या. मग म्हणाल्या, "मी वर्गात तिच्यावर उगीच रागावले."

ते हसले. "रागवा ना मॅडम, तुमचीच पोरगी शे." निघताना त्यांनी केळ्यांची फणी आग्रहाने दिली. परतीच्या वाटेवर मॅडम ती मांडीवर धरून बसल्या होत्या. "माफीसुद्धा मागता आली नाही हो," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, "मी चुकीचं शिकवलं. भूदास जमिनीला बांधलेला असतो. सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपलं की मालक बदलतो. तो भूदास नाही." मुलांनी ते परीक्षेसाठी उतरवून घेतलं. मुलगी चार दिवसांनी आली, पण शेवटच्या बाकावर बसली, आणि पुन्हा कधी हात वर केला नाही. मॅडमही मग पुस्तकातल्या व्याख्या वाचून दाखवू लागल्या. भिंतीपलीकडून हसणं येईनासं झालं.

निवृत्तीनंतर त्या धुळ्याला मुलाकडे गेल्या. मागच्या वर्षी ती मुलगी मला बाजारात भेटली. दीपनगरला सासर, कडेवर लेक. मी तो विषय काढला. "कोणता शब्द, सर? मला तर काही आठवत नाही," ती हसून म्हणाली. "मॅडमना नमस्कार सांगा."

मी त्याच संध्याकाळी आनंदाने फोन केला. पलीकडे कुणीतरी त्यांना जेवायला बोलावत होतं.

"आठवतंय तिला," त्या म्हणाल्या. "आता ती मलाही जपते आहे."

दिवाळीआधी त्या गेल्या. धुळ्याला गेलो, तेव्हा अंगणात मांडलेल्या खुर्च्यांत शेवटच्या रांगेत ती बसली होती. लेकीला मांडीवर घेऊन.