रिकाम्या वर्गाची प्रतीक्षायादी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला दुय्यम विषय निवडावा लागतो. माझी निवड बारावीतच झालेली होती: सांख्यिकी. पुढे जैवसांख्यिकीत एमएस्सी करायची, तर पदवीला या विषयाचे श्रेयांक अनिवार्य होते. म्हणून नोंदणीचे पोर्टल सुरू होण्यापूर्वीच मी लॉगिन करून बसले. तरीही ओटीपी येईपर्यंत जागा भरल्या आणि पडद्यावर ओळ उमटली: प्रतीक्षायादी, क्रमांक दोन.

एवढ्या मोठ्या वर्गातून दोघे तरी माघार घेतील, असे माझे गृहीतक होते. कोणीही घेतली नाही.

तास सुरू झाल्यावर मी नोंदणीविनाच वर्गात बसू लागले. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर नेमलेले होते. त्यांनी हरकत घेतली नाही. पोर्टलवर भरलेल्या त्या वर्गात जेमतेम दोन बाकांवर माणसे असत. बाकीच्यांनी हा विषय घेतला होता, कारण त्याचा तास सकाळी पहिला होता आणि त्याला दांडी मारली तरी अंतर्गत गुण मिळत. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की कुजकट वासामुळे खिडक्या लावून घ्याव्या लागत. त्या कोंदट खोलीत सर रिकाम्या बाकांना संभाव्यता समजावून सांगत.

मी कार्यालयाच्या खिडकीशी गेले.

"वर्गात कोणी येत नाही. मग जागा भरल्या कशा?"

"फी भरली म्हणजे जागा भरली," लिपिक म्हणाला. "येणं-न येणं आमच्याकडे नाही, मॅडम."

"माझा क्रमांक कधी लागेल?"

"कोणी रद्द केलं की." मग त्याने आवाज खाली आणला. "घरी कुणाची ओळखबिळख नाही का? वरून एक फोन आला की होऊन जातं."

माझे वडील कारखान्यात पाळीवर काम करतात. त्यांच्या ओळखी पाळीपलीकडे जात नाहीत. जात असत्या तरी मी त्यांना शब्द टाकू दिला नसता.

प्रयोगशाळेतली माझी जोडीदार पळस्प्याजवळच्या गावातली. त्यांच्या शेतांवर आता गोदामे उभी आहेत. प्रतीक्षायादीत ती पाचवी होती. एका दुपारी तिने डबा उघडता उघडता सांगितले, "माझं स्टॅट्सचं झालं. काकांनी फोन केला."

"तू पाचवी होतीस."

"मग? तू मला बोलली का नाय? तुझंपन केलं असतं. आता जागाच नाय ना." तिला खरोखर वाईट वाटत होते. तळलेली मांदेली माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "हे बघ, मी काय सकाळची येनार नाय. तू तशीपन बसतेस. माझ्या नंबरला हजर बोलत जा. तुला शिकायचंच हाय, शिक की."

तिचा चांगुलपणा अस्सल होता, आणि मला खुपला तो नेमका त्यामुळे. तिने माझे काही हिरावून घेतले आहे, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. मांदेली मी परत तिच्या डब्यात ठेवली.

दुसऱ्या सकाळी हजेरीत तिचा क्रमांक आला. मी गप्प राहिले. सरांनी मान वर केली.

"बोल ना. तिनं सांगितलंय मला."

"सर, ती आलेली नाही."

"ते मला दिसतंय." ते चिडले नव्हते, थकलेले होते. "पटावर मुलं दिसली नाहीत तर पुढच्या वर्षी वर्ग बंद करतील. मग मी कुठे जाऊ?"

त्यांनी तिच्या रकान्यात हजेरी मांडली आणि फळ्याकडे वळले. मी तास पूर्ण ऐकला. शिकवत ते उत्तम.

मुदत संपल्यावर पोर्टलने मला परस्पर शिल्लक विषय दिला: पर्यटन व्यवस्थापन. तासही नेमका तोच, शेजारच्या खोलीत, आणि तिथे हजेरीची सक्ती. पहिल्या दिवशी बाकावर जागा मिळेना, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. भिंतीपलीकडे सर हजेरी घेत होते. माझ्या जोडीदारिणीचा क्रमांक आला तेव्हा कोणीतरी "हजर" म्हणाले. आवाज मुलाचा होता. हसले कोणीच नाही, आणि सरांनी पुढचा क्रमांक पुकारला.