खिंडीखाली सोडलेले डबे

स्टेशनवर जुन्या इंजिनांचे भक्त जमले, ‘काय तो आवाज, काय तो रुबाब’ म्हणत गळे काढू लागले, की लॅकलन मॅकरे उठून घरी जातो. म्हातारा माणूसघाणा आहे म्हणतात. म्हणोत बापडे. इंजिनाच्या नुसत्या धापेवरून ड्रायव्हर कोण ते सांगणारा माणूस होता हा.

तेव्हा तो याच डोंगरी लाइनीवर गार्ड होता. त्या हिवाळ्यात बर्फाने खिंडीचा रस्ता बंद झाला आणि नेमकं त्याच्या बायकोचं, मोरागचं, अपेंडिक्स फुटायला आलं. इस्पितळ खिंडीपलीकडे. मग इंजिनामागच्या सामानाच्या डब्यात तिचं स्ट्रेचर ठेवलं आणि गाडी निघाली.

चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागली. ड्रायव्हर टॉर्किलने रुळांवर वाळू टाकून पाहिली, शिव्या घालून पाहिल्या. गाडी ढिम्म.

“सगळं ओझं ओढवत नाही,” तो म्हणाला. “मागचे डबे सोडू. मोरागला पलीकडे पोचवतो, मग तुम्हाला न्यायला येतो.”

उतारावर सोडलेले डबे म्हणजे गार्डची जबाबदारी. आत माणसं होती आणि हातब्रेकवर सगळी भिस्त.

मोरागचा चेहरा पांढराफटक पडला होता. “तू येतोयस ना?”

“मागे माणसं आहेत गं.”

“मग जा की. मी काय तान्ही आहे?” ती म्हणाली, पण हात सोडेना. त्यानेच तो सोडवून घेतला.

इंजिन गेलं, त्याबरोबर डब्यांतली ऊबही गेली. लॅकलन ब्रेकचं चाक आवळून बसला. एका आजीबाईंनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली. “जा रे बाबा बायकोमागे चालत. आम्ही बघतो इथलं.”

“ब्रेक सुटला तर काय बघणार, आजी?” तो खेकसला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

अंधारून आलं तेव्हा इंजिनाची धाप ऐकू आली. उभा जन्म ज्या आवाजावर त्याने जीव टाकला, तो जवळ येऊच नये असं त्याला वाटलं.

टॉर्किल टोपी काढूनच खाली उतरला. “माथ्यावरच गेली रे.” मग म्हणाला, “तुझ्यावर रागावली नव्हती.”

“खोटं बोलू नकोस. रागावणारच ती,” लॅकलन म्हणाला, आणि डबे जोडायला रुळांत उतरला.