नऊ तासांचं विमान

लंडन ते मुंबई विमानाला नऊ तास लागतात, ही माहिती वालूरमध्ये मीच आणली. भाऊ तिकडे कारखान्यात नोकरीला लागल्यापासून पारावर बसून ज्याला त्याला ऐकवायचो. लोकांनी ती पक्की लक्षात ठेवली, तेच नडलं.

आबांनी अंथरूण धरलं तेव्हा भावाला तार केली. ‘आज निघतो, थांबा,’ एवढंच उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले.

वैशाखाचं ऊन. अंगणात तिरडी बांधून झाली, माशा येतात म्हणून आबांच्या तोंडावर पंचा टाकला. प्रेत उचलेपर्यंत आमच्या गल्लीत चूल पेटत नाही. पोरं भुकेनं रडायला लागली. चुलत्यांनी मला बाजूला घेतलं.

‘‘नऊच तास म्हनला हुतास ना? मग हाय कुठं त्यो?’’

मी जीव तोडून सांगत सुटलो. विमान फक्त मुंबईपर्यंत येतं. पुढं रात्रीची गाडी, मनमाडला उतरून आपली छोटी गाडी, मग सेलू, मग एसटी. विमानात बसलेल्या माणसाला एवढा उशीर कसा होईल, हे कुणालाच पटेना. संध्याकाळपर्यंत थांबा, त्याला बापाचं तोंड तरी बघू द्या, म्हणून मी चुलत्यांचे पाय धरले.

‘‘लेकरं उपाशी हायत, बाबा. आन् ऊन बघ की. न्हाई थांबता येत.’’ त्यांचेही डोळे भरले होते. राग काढायला कुणी उरलं नाही. मडकं माझ्या हातात दिलं.

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. आमच्यावरून एखादं विमान जायचं अधूनमधून, कुठलं कुठं, देव जाणे. शेजारची काकू ओरडली, ‘‘आला! आला गं त्यो!’’ सगळ्या माना वर झाल्या.

आबांच्या उशाशी बसलेली माय उठली. तिनं आबांच्या तोंडावरचा पंचा काढला.

‘‘जरा थांबा. बघू द्या त्याला.’’

त्या विमानात भाऊ नव्हता. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मायकडं बघून मीही मान वर केली. सगळे उन्हात उभे राहिले. आवाज विरला तसा मायनं पंचा पुन्हा नीट घातला.

‘‘बघितलं त्यानं. उचला आता.’’

संध्याकाळच्या एसटीनं भाऊ आला. आबा गेल्याचं त्याला स्टँडवरच समजलं होतं; गल्लीत घरोघर चुली पेटल्या होत्या, त्यावरून प्रेत उचललं हेही कळलं असावं. दारात बॅग ठेवून तो नुसता उभा राहिला. मायनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

‘‘वरून दिसले का रे आबा? तोंड उघडं ठिवलं हुतं मी.’’

भावाला काहीच कळलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

‘‘दिसले, माय,’’ तो म्हणाला, आणि उंबऱ्यातच खाली बसला.