कुठले व्हॅन डाइक?

आडनावांचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. अमेरिकेतल्या पार्सिपनीत चार मराठी माणसं जेवायला बसली की पाचवा किस्सा आपोआप पानात पडतो!

मी नागपूरची. इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्याच पॉटलक जेवणाला अनघाकाकूंनी विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

"मेश्राम."

काकूंच्या चेहऱ्यावर गोड हसू आलं. मग तितक्याच गोड आवाजात, "आम्ही असलं काही मानत नाही हं!"

मी फक्त पोहे मागितले होते.

*

ऑफिसात माझ्या टीममध्ये पीटर व्हॅन डाइक होता. एकदा लंचला त्याने आडनाव उलगडून सांगितलं. व्हॅन म्हणजे 'चा', डाइक म्हणजे पाणी अडवायचा बांध. पूर्वज हॉलंडमध्ये बांधापाशी राहायचे.

"म्हणजे बांधकर! सरळ सांग ना यार," पुण्याचा निखिल म्हणाला.

झालं! तेव्हापासून सगळी टीम ओरडायची, "बांधकर, सर्व्हर झोपलाय!" आणि बांधकर निमूट उठायचा.

*

पुढे मी याच बांधकरशी लग्न केलं आणि त्याचं आडनावही घेतलं. आई फोनवर चिडली. "आपल्या नावात काय वाईट होतं गं?"

"काहीच नाही आई. पण नाव ऐकल्यावर लोकांची तोंडं बघून कंटाळा आलाय मला."

खरंच आला होता. वाटलं, सुटले एकदाची.

त्या वर्षी गणपतीत काकूंनी श्रूजबरी गावाहून नव्याने आलेल्या एका बाईंशी ओळख करून दिली. "या मिसेस व्हॅन डाइक!" काय भारदस्त वाटलं म्हणून सांगू!

"अय्या, छान!" बाई म्हणाल्या. "आणि लग्नाआधीचं?"

*

पीटरची मार्गारेट आत्या म्हणजे घराण्याचा चालता-बोलता नकाशा. तिच्या मते हडसन नदीकाठचे व्हॅन डाइक तेवढे अस्सल. मिशिगनचे फार उशिरा बोटीतून उतरले. आयोवाचे तर त्याहून उशिरा.

"चांगले आहेत गं तेही," आत्या म्हणाली, "पण आपल्यातले नाहीत."

मला एकदम माहेरच्या मंडळात बसल्यासारखं वाटलं!

मग हडसनकाठच्या जुन्या शेतीचं कौतुक सुरू झालं. नजर पोचणार नाही एवढी जमीन म्हणे. मी विचारलं, "एवढी कसायचं कोण?"

"मदतीला माणसं होती."

"गुलाम होते. आडनावही मालकाचंच लागायचं त्यांना," पीटर म्हणाला.

आत्याने त्याला आणखी बटाटे वाढले.

*

दर उन्हाळ्यात आत्या पार्कात कुटुंबमेळावा भरवते. यंदा तिने हौसेने ऑनलाइन आमंत्रण टाकलं: सगळ्या व्हॅन डाइकांनी यावं! स्वागताच्या टेबलावर ती स्वतः, आणि नावाचे स्टिकर द्यायला मी.

दुपारी एक काळ्या वर्णाच्या आजी आल्या. डोक्यावर झकास हॅट, हातात घरी केलेला केक. म्हणाल्या, "लॉरेन व्हॅन डाइक."

मी स्टिकर लिहायला घेतला. आत्याच्या चेहऱ्यावर ते गोड हसू आलं. काकूंचंच, अगदी सेम!

"सासरचं आडनाव का?"

"नाही, माहेरचं."

पुढचे प्रश्न मला पाठ होते. वाटलं, बाई, केक घ्या आणि निघा इथून. पण त्या ढिम्म हलल्या नाहीत.

"मग मिशिगनचे असाल," आत्या म्हणाली.

"छे! पिढ्यान् पिढ्या हडसनकाठचे."

"हडसनकाठचे? तिथल्या सगळ्यांना ओळखते मी. तुम्ही कुठले व्हॅन डाइक?"

लॉरेनबाईंनी केक टेबलावर ठेवला, माझ्या हातातला स्टिकर घेऊन छातीवर नीट चिकटवला आणि म्हणाल्या,

"तुमचेच."