फळीवरचा पखवाज

आमच्या वाड्यावरचा सगुण पखवाज वाजवतो. तुयेच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रावर त्याचं नोकरीचं आयुष्य गेलं. कारखान्यातून घरी आणि जेवून देवळात, एवढाच त्याचा रस्ता. निवृत्त झाला तेव्हा दोन्ही कान जवळजवळ गेलेले होते. हे फक्त त्याच्या बायकोला, सुशीलाला, ठाऊक होतं. वाड्याला वाटे, सगुण पहिल्यापासूनच अबोल. मलाही तिने सांगितलं ते सगळं घडून गेल्यावर.

सकाळी पाववाला पदेर भोंगा वाजवत दारावरून जातो, तेव्हा उंडे घ्यायला सुशीलाच हातातलं काम टाकून धावते. कोणी वाटेत सगुणला काही विचारलं की उत्तर ती देते. म्हापशाच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं, पण झांजा सुरू झाल्या की त्यातून नुसता खणखणाट येई. ते कपाटात गेलं. सगुण ओसरीच्या बाकावर बसलेला असला की ती हाक मारत नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकावर पळी आपटते. लाकडातून ते त्याच्या मांडीला कळतं आणि तो वळून बघतो. शाळेत मी मुलांना टेबलाला कान टेकवायला सांगून हेच दाखवत असे. दुसऱ्या टोकाला नखाने खरवडलेलंही लख्ख ऐकू येतं, कान उचलला की काही नाही.

देवळातही त्याचं तसंच चाले. श्रावणातल्या भजनी सप्ताहात गावातल्या वाड्यावाड्यांचे पार, म्हणजे भजनाच्या पाळ्या, ठरलेले असतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातानाही भजन तुटता कामा नये. सभामंडपात फणसाच्या फळ्यांचं बैठं व्यासपीठ मांडतात. पेटी त्यावर, पायाने ठेका धरणारे झांजवालेही त्यावरच. सगुण त्यांच्यात उघड्या फळीवर मांडी घालून बसे. पेटीचा सूर आणि पायांचा ठेका त्याला खालून मिळे. सप्ताहाच्या आधी मात्र त्याला झोप लागत नसे. आपल्या हातून वाड्याचा पार मोडला तर, ही एकच धास्ती.

यंदा गौरेशने, म्हणजे आमच्या पेटीवाल्या पोराने, त्याच्यासाठी मुद्दाम स्पंजची जाड गादी आणली. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात हे त्याने पाहिलं होतं. सगुण हाताने नको नको म्हणत राहिला. कारण सांगता येईना.

"बसा हो बाबा," गौरेश त्याला खांद्याला धरून बसवत म्हणाला. "लग्नात नवऱ्याकय असली गादी मेळणा नाय."

सगळे हसले. सगुणही हसला आणि बसला.

पहिला अभंग त्याने गौरेशच्या बोटांवर डोळे ठेवून निभावला. दुसऱ्यात लय चढली आणि त्याचा हात मागे पडू लागला. स्पंजाने खालचं सगळं गिळून टाकलं होतं. झांजवाले एकमेकांकडे बघू लागले. गौरेशने त्याच्यासाठी लय उतरवली, पण ते सगुणला कळणार कसं? तो आता उलट पुढे धावू लागला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि बायकांच्या रांगेतून सुशीला त्याच्याकडे बघत होती.

अभंग कसाबसा संपून नामघोष सुरू झाला, तशी ती उठली. व्यासपीठाशी जाऊन गौरेशला म्हणाली, "ती गादी काड रे. ह्येंका मऊ सोसणा नाय. मगे पाट माका चेपूक लागता."

पुन्हा हशा झाला. गादी निघाली. सगुणने मांडी फळीवर टेकली, थोडा वेळ डोळे मिटले, आणि नामघोषाच्या ठेक्यावर त्याची थाप नेमकी पडली. पुढच्या वाड्याने भजन उचलेपर्यंत ती चुकली नाही. सुशीला मात्र खांबाला टेकून बसली होती, सगळा पार तिनेच वाजवल्यासारखी.

प्रसाद घेऊन आमच्या वाड्यावरचे लोक पांगले. गौरेश पखवाजाला खोळ घालत होता. सगुणने त्याचा हात धरला.

"माका ऐकाक येणा नाय रे," तो म्हणाला. "फळयेतसून कळता. लपवन लपवन दमलंय."

गौरेशने गादीची गुंडाळी केली आणि पखवाज घरापर्यंत आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला आत भाकरी थापत होती. सगुण नेहमीसारखा बाकावर बसला होता. बाहेर बाकावर दोनदा थाप पडली. तिने दाराआडून पाहिलं. गौरेश बाकाच्या टोकाशी उभा होता आणि सगुण त्याच्याकडे वळून बघत होता. ती पिठाचे हात तसेच धरून थोडा वेळ उभी राहिली, मग पुन्हा चुलीकडे गेली.