मॅडम, तोंडानं वाचून दाखवा

तुमच्या हापिसच्या ग्रुपवर मागच्या वेळी कुणाची तरी इज्जत काढली जात होती, तेव्हा तुमचा अंगठा कुठं होता? खरं सांगा. हसऱ्या तोंडावर, की जोडलेल्या हातांवर?

दैवशालाच्या ग्रुपवर एक्केचाळीस जणी हसल्या.

दैवशाला बोरीच्या पुढच्या एका वस्तीवरची अंगणवाडी सेविका. माहेरी शेळ्या, सासरी शेळ्या. अकरा वर्षं तिनं लेकरांची वजनं घेतली, लसीला घाबरणाऱ्या आयांना घरोघर जाऊन राजी केलं. घरात मोबाइल एकच. तिची हजेरी त्यावर, वरचे आदेश त्यावर, अन् नवऱ्याचा, उमाजीचा, शेळ्या-बोकडं विकायचा धंदाही त्यावरच. एका सकाळी उमाजीनं बोकडाचा फोटो काढला, खाली लिहिलं, "दोन दाती, तीस किलो." जायचा होता बाजारातल्या बजरंग व्यापाऱ्याला. गेला सेविकांच्या ग्रुपवर.

दैवशालानं बघताक्षणी फोटो काढून टाकला, माफी लिहिली. पण पर्यवेक्षिका उत्तरा मॅडम तोवर लिहून मोकळ्या झाल्या होत्या: "नवीन लाभार्थी का, दैवशालाबाई? वजन तर छान भरलंय! तुम्ही शेळ्याच राखा. लेकरं राखणं तुमच्या घराण्याचं काम नाही."

हा झाला एका बाईचा माज. ओकारी यावी असं पुढंच आहे. खाली धडाधड हसरी तोंडं पडली. मग जोडलेले हात. मग "अगदी बरोबर मॅडम". त्यात रोहिणीही होती, दर बैठकीला दैवशालाच्या डब्यातली भाकरी मोडून खाणारी रोहिणी. त्यातल्याच कुणीतरी त्या मेसेजचा फोटो गावात फिरवला. दुसऱ्या दिवशी लेकराला सोडायला आलेली बाई दारातूनच ओरडली, "ओ बोकडवाल्या मॅडम, आमच्या पोराचंबी वजन करा की!" लेकरं खिदळली. अकरा वर्षांत कमावलेलं नाव दोन ओळींत गेलं.

"चूक माजी हाय," उमाजी म्हणाला. "मी जाऊन मॅडमच्या पाया पडतो."

"पडा बरं! मंग घरात पाऊल ठिवू देत न्हाई तुमाला."

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "अगं, गंमत केली. सॉरी बरं का. ग्रुपवर वाढवू नकोस."

"इज्जत ग्रुपवर काढली, आन् सॉरी कानात व्हय, मॅडम?"

फोन कट.

जिंतूरला महिन्याची बैठक भरली. दैवशाला उठली, मॅडमसमोर मोबाइल ठेवला. "तुमीच लिवलंय. आता तोंडानं वाचून दाखवा. मंग मी कायच मागत न्हाई."

मॅडम हसल्या. पहिली ओळ वाचली. दुसरी अर्धी वाचली. "तुमच्या घराण्याचं" आलं अन् जीभ अडली. एक्केचाळीस बाया समोर, वर पंखा करकरतोय, अन् एकीलाही हसू फुटेना. कुठं गेली होती ती हसरी तोंडं?

"जे चारचौघींत तोंडातून निघंना," दैवशाला म्हणाली, "ते बोटातून कसं निघालं, मॅडम? लय गंमत होती म्हणता नव्हं?"

मॅडम पाणी प्यायल्या. तिथंच बसून ग्रुपवर लिहिलं: "माझे शब्द चुकीचे होते. दैवशालाताईंची माफी मागते."

खोलीभर मोबाइल टणटणले. मेसेजखाली जोडलेले हात पडायलेत. तेच हात, त्याच बाया! शेणावर जोडले तसेच माफीवरही जोडले. पहिले हात रोहिणीचे.

दैवशालानं तिच्याकडं बघितलं. "हात दुखत न्हाईत का गं तुजे, रोहिणी?"

रोहिणीनं मोबाइल पदराखाली घेतला. त्या दिवशी दैवशालानं डबा एकटीनं खाल्ला.

मॅडमनी निदान शब्द परत घेतले. बाकीच्या एक्केचाळीस जणींचं हसू अजून कुणी परत घेतलेलं नाही. तुमच्याही ग्रुपवर उद्या अशी गंमत चालेल. तेव्हा तो अंगठा आवरा, अन् सगळ्यांच्या आधी तुम्ही एक ओळ लिहा: "हे बरोबर नाही."