इतर तुकड्या

वडील गेले तेव्हा ती स्मरणिका त्यांच्या उशाशी होती. ती मी लिहिली होती आणि तिच्यात ते नव्हते. या दोन गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या.

ते सैन्यात, पायोनियर कंपनीत हवालदार होते. पायोनियर म्हणजे काय, हे कोणालाही तीनदा सांगावं लागतं. पायदळ लढतं, तोफखाना मागून मारा करतो, इंजिनियर पूल बांधतात आणि सुरुंग काढतात, हे लोकांना ठाऊक असतं. या सगळ्यांच्या आधी जाऊन वाट खोदायची, दारूगोळा पाठीवर वर चढवायचा आणि सगळे पुढे गेल्यावर मागे राहिलेलं उचलायचं, हे काम पायोनियरांचं. मागे काय राहतं ते वडिलांनी मला कधी सांगितलं नाही. शाळेत असताना मैत्रिणींनी विचारलं तर मी ‘पायदळात’ असं सांगत असे. फावडं घेऊन फोटो काढलेला बाप दाखवायची मला लाज वाटायची.

त्यांची कंपनी पुढे मोडली. माणसं इकडेतिकडे वाटली गेली, काही घरी आली. पलटण जिवंत असली की तिचा स्थापना दिवस थाटात होतो. अधिकारी स्वतः जवानांना वाढतात, त्याला बडाखाना म्हणतात. मोडलेल्या कंपनीचा स्थापना दिवस कोण करणार? वडील करत. दरवर्षी त्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत त्यांच्या कंपनीतली सहा-सात माणसं यायची. कोणी भंडाऱ्याहून, कोणी उमरेडहून. आई तिखट मटण करायची. वडील हवालदार, म्हणून ते हातात पळी घेऊन सगळ्यांना वाढायचे आणि स्वतः शेवटी बसायचे. मी ताट घेऊन मध्येच गेले की म्हणायचे, “तू सिव्हिलियन. तुले मंग.” माणसं हसायची. पुढे सात जणांचे चार झाले, चाराचे दोन. शेवटची काही वर्षं वडील एकटेच. तरी मटण व्हायचं आणि ते मला वाढून मगच जेवायचे. आई गेल्यावर मटण मी करू लागले.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. तीस वर्षं पुस्तकांवर नंबर टाकले. मुलांना एकच गोष्ट शिकवली, की छापील आधार नसेल तर ती ओळ लिहायची नाही. निवृत्त झाले त्याच वर्षी शहरातल्या माजी सैनिकांच्या एका मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं. नागपूर आणि आसपासच्या माणसांनी ज्या ज्या तुकड्यांत नोकरी केली, त्यांचा थोडक्यात इतिहास आणि त्यांचं काम त्यात द्यायचं होतं. मंडळाचे अध्यक्ष पायदळातले निवृत्त सुभेदार होते. ते घरी आले आणि पुस्तकांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “ताई, आमाले लढता येते, लिहिता येत नाही.”

मला काम आवडलं, हे खोटं कशाला बोलू. दुपारभर मी टिपणं काढायची. कोणत्या पलटणीला कोणता युद्धसन्मान, कोणाच्या निशाणावर काय. तोफखान्याला वेगळं निशाण नसतं, तोफ हेच त्यांचं निशाण, हे वाचून मी वडिलांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, “आमचं फावडं होतं.” आणि मग त्यांनी विचारलं, “आमची कंपनी कोणत्या पानावर येऊन राहिली?”

त्यांना तेवढंच हवं होतं. पेन्शनबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, गुडघ्यांबद्दलही नाही. कंपनीला एक पान मिळावं आणि ते आपण वाचावं, एवढंच.

मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वेच्या सरहद्दीवर एक टेकडी होती. पायदळाची पलटण खाली अडकली होती. पायोनियरांनी नऊ दिवस कड्यात पायऱ्या खोदल्या, दोर बांधले. वरून दगड येत होते. त्यांच्या सेक्शनचे दोघं दगडाखाली गेले. मग पलटण त्या वाटेने वर चढली.

त्या पलटणीचा छापील इतिहास माझ्याकडे होता. त्यात लिहिलं होतं की पलटणीने स्वतः वाट काढत टेकडी गाठली.

मी टेकडीचं नाव विचारलं. त्यांनी एक नाव सांगितलं. दोन दिवसांनी परत विचारलं, तर दुसरंच सांगितलं. महिना कोणता?

“थंडी होती.”

“बाबा, थंडी म्हणजे तारीख नाही.”

“मी होतो वं बाई तिथं. तुहं पुस्तक होतं काय?”

मी हसले. वही मिटली.

वडिलांची कंपनी स्मरणिकेत येत नाही, हे सुभेदारांच्या लक्षात आलं असावं. छपाईला द्यायच्या आधी ते म्हणाले, “ताई, तुमचे वडील हायेत. घ्या ना अर्धं पान. कोण विचारते?”

“वडील आहेत म्हणूनच घेणार नाही,” मी म्हणाले.

ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. घरी येताना रिक्षात ते मी मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

गांधीबागेतल्या प्रेसमधून गठ्ठे आले. शेवटच्या पानावर ‘इतर तुकड्या’ या मथळ्याखाली मी लिहिलं होतं: ‘याशिवाय श्रमाची कामे करणाऱ्या काही तुकड्याही होत्या.’ कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. नंबरालाही छापील आधार मिळाला नव्हता.

वडील खिडकीशी बसून भिंगाने वाचत होते. पहिल्या पानापासून. प्रत्येक पलटण, प्रत्येक युद्धसन्मान. शेवटच्या पानाला पोचायला त्यांना दोन दिवस लागले आणि मी त्या दोन दिवसांत त्यांना थांबवलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी भिंग पुसलं.

“श्रमाची कामं,” ते म्हणाले. “रोजगार हमीवर होतो वाटते मी.”

मी काहीतरी समजावायला लागले. ते ऐकत राहिले. ते मला एकदाही रागावले नाहीत, त्यामुळे मला भांडायलाही जागा मिळाली नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचा स्थापना दिवस आला. मी मटण केलं, दोन ताटं मांडली, पळी त्यांच्या बाजूला ठेवली. ते स्वयंपाकघरात आले आणि उभ्याउभ्या सकाळचा वरणभात कालवून घेतला.

“कोणाची कंपनी?” ते म्हणाले. “कागदावर तर नाही.”

त्या हिवाळ्यात ते गेले.

पेपरात निधनाची छोटी जाहिरात दिली तेव्हा त्यात मी कंपनीचा नंबर घातला. त्याला मात्र कोणी आधार मागितला नाही.

तेरवीला उमरेडच्या एसटीने एक म्हातारे आले. आमच्यात त्यांना कोणी ओळखत नव्हतं. त्यांनी फोटोला सलाम केला, मग खुर्चीवर बसून मला जवळ बोलावलं.

“हवालदाराची पोरगी काय तू? नंबर वाचला पेपरात. मी पायदळाचा.” त्यांनी पलटण सांगितली. जिचा इतिहास मी खरा धरला होता, तीच. “त्याईच्या कंपनीच्याच वाटेनं आमी वर गेलो. आमी तर रांगून राहिलो होतो. पायऱ्या त्याईच्या, दोर त्याईचे. दोघं गेले त्याईचे दगडाखाली. पाह्यलं म्या.”

दोघं. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

“पण काका, तुमच्या पलटणीच्या पुस्तकात तर असं आहे की...”

“ते साहेबानं लिहिलं. साहेब तीन दिवसानं वर आला. त्याच वाटेनं.”

फोटोशेजारी स्मरणिका होती. वडिलांच्या उशाशी सापडलेली, ती कोणीतरी तिथे आणून ठेवली होती. म्हाताऱ्यांनी ती उचलली, चाळली, त्यांच्या पलटणीच्या पानावर थोडे थांबले. मग शेवटपर्यंत गेले.

“याच्यात काहून नाही त्याईची कंपनी? कोणं लिहिलं हे?”

“मी.”

त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्मरणिका मिटून जागच्या जागी ठेवली.

“लय शिकेल दिसतेस,” ते म्हणाले.

मी आत जाऊन वही आणली. तीच, जी वडिलांसमोर मिटली होती. बाहेर पंगत बसत होती, मला हाका येत होत्या. मी म्हाताऱ्यांच्या पायाशी खाली बसले आणि म्हणाले, सांगा.

“आता कोणासाठी वं?”

मी पेन उघडलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, बहुधा माझी कीव येऊन. वडिलांनी सांगितलं होतं तेच, फक्त खालून पाहिलेलं. टेकडीचं नाव त्यांनी तिसरंच सांगितलं. मी तेही तसंच लिहून घेतलं.

मग सवयीने माझ्या तोंडून गेलं, “महिना कोणता होता, काका?”

त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं.

“थंडी होती,” ते म्हणाले.

मी लिहिलं: थंडी होती.